एकच खोली, एकच थैली

गावाकडचा मुलगा शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहराकडे निघाला, की घरात पहिला विषय निघतो तो बिऱ्हाडाचा. स्वतंत्र खोलीचे भाडे परवडत नाही आणि वसतिगृहात जागा मिळेलच असे नाही. अशा वेळी कुणी तरी सुचवते, "त्याचा मित्र तिथे आहेच की! दोघांनी मिळून राहावे, भाडे निम्मे होईल." हिशेब बिनतोड असतो. तरीही वडीलधाऱ्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच. पैसे वाचतील, पण मैत्री वाचेल काय? कुणाचे पैसे कुणाच्या हाती राहतील? आणि ज्या अभ्यासासाठी हा सारा खटाटोप, त्या अभ्यासाचे काय होईल?

हा प्रश्न आजचा नाही. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी तो पॅरिसमधील एका प्रौढ विद्यार्थ्यापुढे उभा राहिला होता. पावणेदोन वर्षांत त्याने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी राहून पाहिले. पहिल्या तऱ्हेत पैसे गेले, दुसरीत अभ्यास गेला. तिसरी मात्र अशी फळली की तिचे पडसाद गोव्यापर्यंत आणि वसईपर्यंत उमटले. तो विद्यार्थी म्हणजे इग्नेशियस लोयोला. वाचकांना त्याचा एकेरी उल्लेख खटकेल; परंतु या लेखात तो संत नाही, येशूसंघाचा संस्थापकही नाही. भाड्याच्या आणि जेवणाच्या विवंचनेत पडलेला तो एक विद्यार्थी आहे. त्या काळी त्याचे सोबती त्याला इनिगो म्हणत.

विद्यार्थ्यांचे पॅरिस

सोळाव्या शतकातील पॅरिस विद्यापीठ म्हणजे एक इमारत नव्हती. सीन नदीच्या दक्षिण तीरावर, सेंट जिनेव्हिएव्हच्या टेकडीवर, अनेक कॉलेजे दाटीवाटीने उभी होती. युरोपच्या कानाकोपऱ्यातून आलेले विद्यार्थी तिथे लॅटिन भाषेत शिकत आणि लॅटिनमध्येच भांडतही. त्यांच्या राहण्याच्या तऱ्हा अनेक होत्या. काहींना शिष्यवृत्ती असे, त्यांची खाण्यापिण्याची आणि निवाऱ्याची सोय कॉलेज करी. काही जण पैसे भरून कॉलेजात राहत व जेवत. काही केवळ खोली घेत आणि जेवणाची व्यवस्था स्वतः पाहत. काही गावात खोल्या करून राहत व तासांपुरते कॉलेजात येत. सर्वांत गरीब विद्यार्थी एखाद्या शिक्षकाची किंवा श्रीमंत विद्यार्थ्याची सेवाचाकरी करून शिकत. आपल्याकडे ज्याला पोटावारी राहणे म्हणतात, तोच हा प्रकार.

दिवस पहाटे चारला सुरू होई आणि पहिला तास पाचच्या सुमारास भरे. त्यामुळे विद्यार्थी कुठे राहतो, ही केवळ सोयीची बाब नव्हती. बिऱ्हाड दूर पडले तर तास बुडत, आणि तास बुडले तर पदवी हुके. या टेकडीवर माँतेग्यू आणि सेंत-बार्ब ही दोन कॉलेजे समोरासमोर होती. त्यांच्यामधल्या घाणेरड्या बोळाला लोक 'कुत्र्यांची गल्ली' म्हणत. माँतेग्यू कडक शिस्तीबद्दल आणि निकृष्ट अन्नाबद्दल प्रसिद्ध होते. तिथे राहून गेलेल्या इरॅस्मसने त्याच्या कुजक्या अंड्यांची पुढे यथेच्छ टर उडवली. सेंत-बार्बचे प्रमुख दियोगो द गुव्हेया हे पोर्तुगीज होते आणि पोर्तुगालच्या राजाच्या शिष्यवृत्तीवर आलेली मुले तिथे शिकत.

विश्वासाने दिलेली थैली

इग्नेशियस बार्सिलोनाहून एकटाच, पायी, ऐन हिवाळ्यात निघाला आणि २ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅरिसला पोहोचला. वयाची छत्तीस वर्षे उलटली होती. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, त्यानंतर आयुष्याची दिशा बदलली. बार्सिलोनात त्याने लहान मुलांच्या रांगेत बसून लॅटिन गिरवले. आल्कला आणि सालामांका येथे शिक्षण रखडले, कारण पदवी नसताना धर्माविषयी बोलतो म्हणून त्याला तुरुंग पाहावा लागला. आता पक्का पाया घालायचा, या निश्चयाने तो माँतेग्यूमध्ये पुन्हा मुलांबरोबर व्याकरण शिकू लागला.

राहण्याची सोय त्याने सोपी केली. काही स्पॅनिश विद्यार्थी एका घरात एकत्र राहत होते, त्यांच्यात तो जाऊन राहिला. मुलूख एक, भाषा एक आणि खर्च वाटून घेतलेला. परक्या शहरात नवा माणूस दुसरे काय करणार? बार्सिलोनाहून आणलेल्या हुंडीवर एका व्यापाऱ्याकडून त्याला २५ एस्कुदो मिळाले. स्वतःजवळ पैसा ठेवणे त्याला नकोसे वाटे, म्हणून ती रक्कम त्याने घरातल्याच एका स्पॅनिश सोबत्याजवळ सांभाळायला दिली.

सोबत्याने ती थोड्याच दिवसांत उडवली, आणि परत करायला त्याच्यापाशी काही नव्हते. काही पैसे इग्नेशियसच्या स्वतःच्या खर्चात गेले होते, उरलेले असे गेले. प्रायश्चित्तकाळ संपून पास्काचा सण आला तेव्हा तो निष्कांचन होता. ही रक्कम केवढी, याचा अंदाज त्याच्याच एका पत्रावरून बांधता येतो. १५३२ साली आपल्या पुतण्याला पॅरिसला पाठवण्याविषयी थोरल्या भावाला लिहिताना, विद्यार्थ्याला वर्षाला ५० डुकाट पुरतील असे तो सांगतो. डुकाट आणि एस्कुदो ही साधारण सारख्याच मोलाची सोन्याची नाणी. म्हणजे हाती आलेली रक्कम सुमारे सहा महिन्यांच्या निर्वाहाची होती, आणि ती सव्वादोन महिन्यांत संपली.

इथे थोडे थांबावे. सोबती अप्रामाणिक होता, एवढे म्हणून हा प्रसंग मिटवता येईल. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. इग्नेशियसने पैसे सामाईक केले नव्हते, तर पैशांची काळजी दुसऱ्याच्या गळ्यात टाकली होती. थैली एकाची आणि हात दुसऱ्याचा, अशी ती व्यवस्था होती. ना हिशेब, ना मर्यादा, ना तिसऱ्या कुणाचे लक्ष. भल्या माणसाचाही जिथे पाय घसरावा, अशी जागा मैत्रीच्या भरात आपण कितीदा तरी तयार करून ठेवतो.

फुकटचे छप्पर

भाडे देता येईना तेव्हा ते घर सोडणे भाग पडले. नदीच्या पलीकडे, उत्तर तीरावर, सेंट जेम्सच्या यात्रेकरूंसाठी चालवलेले सें-जाक नावाचे धर्मादाय रुग्णालय होते. तिथे त्याला फुकट निवारा मिळाला. जेवणासाठी तो भिक्षा मागू लागला.

खर्चाच्या दृष्टीने याहून स्वस्त बिऱ्हाड सापडणे शक्य नव्हते. पण रुग्णालयाचा एक नियम होता. संध्याकाळी आंजेलसची घंटा होण्यापूर्वी आत यायचे आणि सकाळी उजाडल्यावरच बाहेर पडायचे. माँतेग्यूचा पहिला तास मात्र उजाडण्यापूर्वीच सुरू होई. तिथून नदी ओलांडून टेकडी चढेपर्यंत सकाळचे अध्यापन बरेचसे उरकलेले असे, आणि संध्याकाळचा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागे. भिक्षा मागण्यात वेळ जाई, तो वेगळाच. अशा रीतीने फुकटच्या छपराचे भाडे तो तासांच्या रूपाने भरत होता. आपण फारसे पुढे सरकत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले.

मग त्याने पोटावारी राहण्याचा विचार केला. शिक्षकाला आपण ख्रिस्त मानू, एका विद्यार्थ्याला पेत्र मानू, दुसऱ्याला योहान, आणि त्या भावनेने त्यांची सेवा करू, असे त्याने मनाशी योजले होते. कल्पना मोठी गोड होती. परंतु ओळखीपाळखी काढून, खटपट करूनही त्याला चाकरीस ठेवणारा धनी मिळाला नाही. चाळिशीकडे झुकलेला, लंगडत चालणारा नोकर कुणाला हवा होता?

वर्षाची माधुकरी

शेवटी एका स्पॅनिश संन्याशाने त्याला व्यवहाराचा सल्ला दिला. रोज दारोदार फिरून वेळ घालवण्यापेक्षा वर्षातून एकदा फ्लँडर्स प्रांतात जावे. तिथे ब्रूज आणि अँटवर्प या शहरांत श्रीमंत स्पॅनिश व्यापारी आहेत. दोन महिने खर्ची पडतील, पण वर्षाची बेगमी होईल आणि उरलेले दहा महिने निश्चिंतपणे अभ्यासाला मिळतील.

इग्नेशियसने हे मानले आणि तीन वर्षे तो ही वार्षिक माधुकरी मागून आला. एका वर्षी तो इंग्लंडलाही गेला आणि इतर वर्षांपेक्षा अधिक दान घेऊन परतला. पुढे व्यापारीच त्याला पैसे पाठवू लागले. गरिबीचे व्रत सोडले नाही, आणि अभ्यासही गरिबीच्या पायी बळी दिला नाही. भावनेच्या भरात घेतलेला आधीचा निर्णय त्याने हिशेब करून दुरुस्त केला होता.

त्याच सुमारास, १५२९ साली, दुसऱ्या एका तऱ्हेच्या एकत्र राहण्याचा प्रयोग झाला. इग्नेशियसच्या सहवासाने पेराल्ता, कास्त्रो आणि आमादोर या तीन स्पॅनिश विद्यार्थ्यांची मने पेटून उठली. त्यांनी आपली चीजवस्तू, अगदी पुस्तकेसुद्धा, वाटून टाकली आणि तेही सें-जाक रुग्णालयात जाऊन राहिले व भिक्षा मागू लागले. विद्यापीठात एकच गहजब उडाला. त्यांचे मित्र हत्यारे घेऊन रुग्णालयावर चालून गेले व त्यांना ओढून परत घेऊन आले. आधी शिक्षण पुरे करा, मग काय ते करा, अशी बोली झाली. आमादोर हा सेंत-बार्बचा विद्यार्थी. त्यामुळे गुव्हेया संतापले आणि हा इनिगो पुन्हा आमच्या कॉलेजात आला तर त्याला सर्वांदेखत फटके देऊ, असे त्यांनी बजावले. त्या तिघांपैकी एकही जण पुढे इग्नेशियसबरोबर राहिला नाही.

रुआँची वाट

याच काळात एक पत्र आले. २५ एस्कुदो उडवणारा तो सोबती स्पेनला परतण्यासाठी रुआँ या गावापर्यंत गेला होता आणि जहाजाची वाट पाहत असताना तिथे आजारी पडला होता. परक्या गावात त्याचे कुणी नव्हते. त्याने कुणाला लिहावे? ज्याचे पैसे बुडवले, त्यालाच.

पॅरिसपासून रुआँ २८ लीग, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर. हे अंतर अनवाणी आणि अन्नपाण्याशिवाय चालून जायचे, असे इग्नेशियसने ठरवले. पण सकाळी कपडे घालताना त्याच्या मनात अशी भीती दाटली की अंगात कपडे चढेनात. ती भीती घेऊनच तो शहराबाहेर पडला. आर्जांतई ओलांडून एक चढण चढताना ती एकाएकी ओसरली, आणि आनंदाच्या भरात तो शेतांमधून मोठ्याने देवाशी बोलत चालू लागला. पहिली रात्र त्याने एका धर्मशाळेत भिकाऱ्याशेजारी काढली, दुसरी गवताच्या खोपटात. तिसऱ्या दिवशी तो रुआँला पोहोचला. त्याने आजाऱ्याला धीर दिला, स्पेनला जाणाऱ्या जहाजावर त्याची सोय लावली आणि सालामांकातील आपल्या सोबत्यांच्या नावे त्याच्याजवळ पत्रेही दिली.

उतारवयात इग्नेशियसने आपली जीवनकथा लुईस गोन्साल्व्हिस द कामारा या सहकाऱ्याला सांगितली. तीत तो स्वतःचा उल्लेख 'यात्रेकरू' असा करतो. तिथे हा प्रसंग सविस्तर आला आहे, पण पैसे परत मागितल्याचा एक शब्दही नाही. त्या सोबत्याचे नावही नाही. मात्र एक गोष्ट दिसते. त्याने सोबत्याला क्षमा केली, आणि तरीही पुन्हा तशा रीतीने कुणाकडे थैली सोपवून तो मोकळा झाला नाही. क्षमा करणे वेगळे आणि व्यवहाराची जुनी रीत पुन्हा धरणे वेगळे, एवढे तारतम्य त्याच्यापाशी होते.

तिघांची खोली

१ ऑक्टोबर १५२९ रोजी, म्हणजे सेंट रेमीच्या सणाला, नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले आणि इग्नेशियस तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी सेंत-बार्बमध्ये दाखल झाला. ज्या कॉलेजात पाऊल टाकल्यास फटके मिळायचे होते, तिथेच त्याने बिऱ्हाड केले. फ्लँडर्सच्या दानामुळे आता खर्चाची तोंडमिळवणी होत होती, आणि वर्गाच्या दाराशी राहिल्याने वेळही वाचत होता.

शिक्षक हुआन द ला पेन्या ह्यांच्या खोलीत त्याला जागा मिळाली. तिथे आधीपासून दोन विद्यार्थी राहत होते. पहिला पीटर फेबर. सॅव्हॉयच्या डोंगरातील व्हिलारे खेड्यात तो लहानपणी मेंढ्या राखत असे, आणि शाळेत जाऊ द्या म्हणून त्याने घरी रडून आकांत केला होता. दुसरा फ्रान्सिस झेवियर, नव्हाराच्या एका सरदारकुळातला धाकटा मुलगा. दोघेही १५०६ च्या एप्रिलमध्ये जन्मलेले, दोघेही तेविशीतले. नवा भाडेकरू त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता.

वरवर पाहता या तिघांचे जमण्यासारखे काही नव्हते. एक मेंढपाळ, एक सरदारपुत्र आणि एक लंगडा भिक्षेकरी. त्यातही झेवियर आणि इग्नेशियस यांच्यामध्ये तर रणांगण उभे होते. १५१२ साली स्पेनने नव्हाराचे राज्य घेतले. झेवियरच्या घराण्याने जुन्या राजाची बाजू धरली, म्हणून १५१६ साली त्यांच्या वाड्याचे बुरूज व तटबंदी पाडण्यात आली. १५२१ च्या लढाईत झेवियरचे दोन्ही भाऊ स्पेनच्या विरुद्ध बाजूने लढले, आणि पाम्प्लोनाचा किल्ला स्पेनच्या वतीने लढवताना इग्नेशियसचा पाय मोडला. ज्या पक्षाने आपले घर पाडले, त्या पक्षाचा जुना सैनिक आता त्याच छपराखाली झोपायला आला होता. झेवियरला तो पाहुणा गोड वाटला नाही, यात नवल नाही.

काय सामाईक, काय स्वतःचे

फेबरने पुढे लिहिलेल्या टिपणवहीत या काळाची नोंद आहे. आपण एकाच खोलीत राहत होतो, एकाच मेजावर जेवत होतो आणि आपली थैलीही एकच होती, असे तो सांगतो. ही थैली कशी चालली, हे पाहण्यासारखे आहे.

इग्नेशियसपाशी पैसे होते, पण ॲरिस्टॉटल कळत नव्हता. फेबरला ॲरिस्टॉटल कळत होता, पण पैसे नव्हते. शिक्षक पेन्यांनी फेबरला सांगितले की या नव्या विद्यार्थ्याला धडे समजावून दे. फेबर शिकवू लागला, आणि त्या शिकवण्यातून दोघांची मने जवळ आली. फेबर त्या दिवसांत मनाने फार गोंधळलेला होता. कधी वैद्य व्हावेसे वाटे, कधी वकील, कधी शिक्षक, कधी संन्यासी. शिवाय पापशंकेने तो बेजार असे. ज्याला तो तर्कशास्त्र शिकवत होता, त्यानेच त्याला हळूहळू मनाची शांती मिळवून दिली. सामाईक थैलीत नुसती नाणी नव्हती, एकाची विद्या आणि दुसऱ्याचा अनुभवही होता. घेणारा तोच देणारा होता, त्यामुळे उपकाराचे ओझे कुणाच्याच मानेवर बसले नाही.

पण सारेच सामाईक झाले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. इग्नेशियसला धड्याच्या वेळी भक्तीचे विचार सुचत आणि लक्ष उडे. म्हणून अन्नपाणी मिळते आहे तोवर एकही तास चुकवणार नाही, असे वचन त्याने पेन्यांना दिले. इतरांच्या आयुष्यात ढवळाढवळ करण्याचे त्याने त्या दिवसांत टाळले. डॉ. फ्रागो नावाच्या एका अध्यापकाने आश्चर्याने म्हटले की हल्ली तुला कुणी त्रास देत नाही. इग्नेशियस उत्तरला की सध्या मी कुणाशी देवाच्या गोष्टी बोलत नाही ना, म्हणून. अभ्यासक्रम संपू द्या, मग पुन्हा पहिल्यासारखे होईल! ज्या कामासाठी एकत्र आलो, त्या कामाला पहिला मान, हा त्या खोलीचा अलिखित नियम होता.

खर्चातही असाच विवेक दिसतो. बी. ए. च्या परीक्षेच्या वेळी तिथे 'दगड घेणे' नावाचा एक विधी होता, त्याला एक एस्कुदो पडे. अगदी गरिबांना तो परवडत नसे. आपण हा खर्च करावा की नाही, अशा संभ्रमात इग्नेशियस पडला. त्याने हा निर्णय आपल्या शिक्षकावर सोपवला आणि त्यांनी करावा म्हटल्यावर तो केला. टीका करणारे निघालेच. पण एका नाण्याचा प्रश्नही त्याने मनात कुढत ठेवला नाही, जाणत्या माणसाला विचारून सोडवला.

चार वर्षांचा धीर

एका खोलीत राहिले म्हणजे मने आपोआप जुळतात, अशी समजूत असेल तर झेवियरचे उदाहरण पाहावे. १५३० साली तो एम. ए. झाला आणि बोव्हे कॉलेजात शिकवू लागला. १५३१ साली त्याने आपल्या सरदारकुळाचा रीतसर दाखला मिळावा म्हणून खटपट सुरू केली, कारण पाम्प्लोनाच्या कॅथेड्रलमध्ये मानाची जागा मिळवण्याची त्याची इच्छा होती. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे बोलणे तो थट्टेवारी नेई. फेबरचे मन वळले, झेवियरचे वळले नाही.

परंतु त्याचीही ओढाताण होत होती. वडील १५१५ सालीच वारले होते, आई १५२९ साली गेली. घराणे कर्जात, आणि पॅरिसमध्ये सरदारपुत्राचा बडेजाव सांभाळायचा. त्या काळात इग्नेशियसने त्याला न मागता मदत केली. हे आपल्याला खुद्द झेवियरच्याच पत्रावरून कळते. २५ मार्च १५३५ रोजी त्याने आपला भाऊ हुआन याला लिहिले की या माणसाने माझ्या अडचणीत पैशांनी व आपल्या मित्रांकरवी मला साहाय्य केले आणि वाईट संगतीतून मला वाचवले. त्याचे ऋण मी जन्मभर फेडू शकणार नाही. ते पत्र घेऊन इग्नेशियसच भावाकडे जाणार होता. ज्या भावांविरुद्ध तो कधी लढला होता, त्यांतल्याच एकाच्या दारी.

झेवियरचे मन वळले ते १५३३ च्या सुमारास, जेव्हा फेबर वडिलांना भेटायला सॅव्हॉयला गेला होता. म्हणजे एका छपराखाली राहू लागल्यानंतर सुमारे चार वर्षांनी. तोवर इग्नेशियसने मदतीची किंमत वसूल केली नाही आणि धीरही सोडला नाही.

खोलीबाहेर

पुढे या मंडळात सिमाव रॉड्रिग्ज, लाइनेझ, साल्मेरॉन आणि बोबादिया हे चौघे आले. सात जण एकाच खोलीत मावणे शक्य नव्हते, आणि त्यांनी तसा हट्टही धरला नाही. त्यांच्या रीतीचे वर्णन लाइनेझने केले आहे. ठरावीक दिवसांनी सगळे जण आपापले जेवण घेऊन एकाच्या बिऱ्हाडी जमत, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. यजमानावर भार नको आणि एकत्र जेवणाचा आनंदही हुकायला नको! १५ ऑगस्ट १५३४ रोजी या सातजणांनी माँमार्त्र टेकडीवरील चॅपेलमध्ये व्रते घेतली. त्यांच्यातला एकमेव धर्मगुरू फेबर, त्यानेच मिस्सा अर्पण केली. १५४० साली पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली.

आणि फटक्यांची धमकी देणाऱ्या गुव्हेयांनी काय केले? ही माणसे भारतात पाठवावीत, अशी शिफारस त्यांनीच १५३८ साली पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्याकडे केली. बोबादिया आजारी पडला म्हणून त्याच्या जागी झेवियरला निघावे लागले. ६ मे १५४२ रोजी तो गोव्याला उतरला आणि राहिला कुठे, तर रुग्णालयात, रुग्णांच्या शेजारी. पुढे तो वसईलाही येऊन गेला. त्या तीन सोबत्यांपैकी इग्नेशियसची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. १५४६ साली मोलुक्कस बेटांतील आंबोनाहून त्याने सोबत्यांना कळवले की तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत आणि त्या सदैव जवळ बाळगतो. एका खोलीतले राहणे काही वर्षांत संपले होते, सोबत मात्र संपली नव्हती. इग्नेशियस आणि झेवियर १२ मार्च १६२२ रोजी एकाच दिवशी संत म्हणून घोषित झाले. खोलीतला तिसरा, पीटर फेबर, ह्याला तो मान १७ डिसेंबर २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी दिला.

आपल्या दाराशी

झेवियरच्या गोव्यातून पुढे हजारो माणसे पोटासाठी मुंबईला आली. त्यांत खलाशी होते, आचारी होते, वाजंत्री होते. एकोणिसाव्या शतकापासून त्यांनी धोबी तलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने 'कुडी' उभारल्या. कोकणीत कूड म्हणजे खोली. अल्प वर्गणीत तिथे पाठ टेकायला जागा मिळे. भिंतीशी प्रत्येकाची स्वतःची पेटी असे, तिला स्वतःचे कुलूप असे. वेदी मात्र सर्वांची एक, आणि संध्याकाळची रोझरी सर्वांनी मिळून म्हणायची. नियम ठरलेले होते आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा माणूसही होता. त्यांतल्या थोड्या कुडी आजही तग धरून आहेत. त्या साध्या माणसांनी पॅरिसची कथा वाचली होती की नाही, कोण जाणे. पण पेटी आपली आणि वेदी सर्वांची, ही वाटणी त्यांना बरोबर साधली होती.

तेव्हा आपला मुलगा वा मुलगी मित्रमैत्रिणीबरोबर राहण्याचा विचार करू लागली, तर केवळ भाडे निम्मे होते म्हणून हो म्हणू नये, आणि केवळ भीतीपोटी नाहीही म्हणू नये. पैसे कुणाच्या हाती राहतील आणि त्यांचा हिशेब सर्वांना दिसेल काय, हे आधी विचारावे. स्वस्त जागा अभ्यासाचे वा कामाचे तास तर खाणार नाही ना, हे पाहावे. प्रत्येक जण काय घेणार याबरोबर काय देणार, हे बोलून घ्यावे. देणे पैशांचेच असले पाहिजे असे नाही. न पटल्यास वेगळे होण्याची मोकळीक ठेवावी. आणि एवढे करूनही कुणी फसवलेच, तर रुआँची वाट आपल्याला ठाऊक आहे.